पहिल्याचा पोपट, दुसऱ्याची पोपटी
(रोहे-अष्टमीतल्या होतकरू पॉप जोड्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

ही मार्गदर्शिका ज्यांनी जोडीने एक अल्बम काढला आणि तो पडला अशांसाठी आहे. ज्यांचा पडलेला नाही त्यांनी आधी तो पाडून यावं. ज्यांनी पहिलाही काढलेला नाही, त्यांनी उगाच दुसऱ्याची घाई करू नये. पायरी चुकली की आपल्या कुंडलिका नदीच्या घाटावरही माणूस पाण्यात जातो.

पहिला अल्बम पाडणं फारसं अवघड नाही. मी आणि माझ्या जोडीदाराने तो एका दमात पाडला. कॅसेटचा जमाना संपत आला होता, हे आम्हाला कॅसेटी छापून आल्यावर कळलं. रेकॉर्डिंगवाल्याने (नाव सांगत नाही, अजून हळदीला बेंजोच्या सुपारीत भेटतो) माझा आवाज डाव्या कानात आणि जोडीदाराचा उजव्या कानात टाकला. त्यामुळे ज्याच्या टेपचा एकच स्पीकर चालू असे, त्याला आमच्यातला एकच गायक ऐकू येई. दोन खोकी परत आली. जोडीदाराच्या वडिलांनी त्यातल्या फिती उपसून शेतात काठ्यांना बांधल्या. वाऱ्यावर त्या फडफडायच्या, उन्हात चमकायच्या आणि भातावर एक चिमणी बसत नसे. आमच्या पहिल्या अल्बमची लोकांवर पडलेली छाप एवढीच.

तेव्हा आम्ही खचलो होतो. पुढे जगभरच्या जोड्यांचे इतिहास चाळले आणि कळलं की आपण अगदी योग्य रस्त्यावर आहोत. सायमन आणि गारफंकल यांचा पहिला अल्बम १९६४ साली आला. कोणी विचारलं नाही. पॉल सायमन इंग्लंडला निघून गेला, आर्ट गारफंकल परत कॉलेजात बसला. जोडी मोडल्यात जमा होती. मग १९६५च्या जूनमध्ये टॉम विल्सन नावाच्या निर्मात्याने त्या पडलेल्या अल्बममधलं ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ उचललं, त्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले आणि दोघांना न विचारता बाजारात सोडलं. १९६६च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. ते वर चढत असतानाच धावाधाव करून दोघांना एकत्र आणलं होतं, डिसेंबरात घाईघाईने बाकीची गाणी उरकली आणि जानेवारीत दुसरा अल्बम दुकानात. रिचर्ड आणि कॅरेन कार्पेंटर या भावंडांचा पहिला अल्बम १९६९चा, तोही आपटला. दुसरा, ‘क्लोज टू यू’, १९७०चा. त्यातल्या शीर्षकगीताने चार आठवडे अमेरिकेतली पहिली जागा सोडली नाही.

म्हणून आमच्या भागापुरता नियम असा बसवला: पहिल्याचा पोपट झाल्याशिवाय दुसऱ्याची पोपटी लागत नाही.

घाटावरच्या वाचकांसाठी खुलासा. पोपटी म्हणजे थंडीत शेतावर लावायचा प्रकार. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी, ज्याला चालते त्याची कोंबडी, वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. शिजलं की नाही हे झाकण उघडून बघता येत नाही. मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र होऊन लगेच उडालं तर झालं. दुसरा अल्बमही याच पद्धतीने होतो. बाहेरचं पाणी घालायचं नाही, दर दहा मिनिटांनी उघडून मावशीला ऐकवायचा नाही आणि मडकं पालथं घातलेलं बघून कोणी हसलं तर हसू द्यायचं.

आता जोडीदार. एक रोह्याचा आणि एक अष्टमीचा असेल तर उत्तम. भांडण झालं तर मध्ये नदी असते आणि पूल ओलांडेपर्यंत निम्मा राग उतरतो. भाऊ-बहीण चालतात, कार्पेंटर भावंडांनी चालवून दाखवलं. आनंद आणि मिलिंद शिंदे यांच्यासारखे दोन भाऊ असतील तर घरात प्रल्हाद शिंद्यांसारखा बाप असावा लागतो, आणि तो बाजारात मिळत नाही. प्रेमाच्या जोडीबद्दल मात्र जपून. युरिदमिक्सच्या ॲनी लेनक्स आणि डेव्ह स्टुअर्ट यांचं प्रेम आधी संपलं, जोडीचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. रोह्यात उलटं होतं. प्रेम सुरू झालं की तालीम संपते आणि मग पत्रिका छापायला जातात. जोडीने गाणं म्हणजे परदेशी थेर असं घरात कोणी म्हणालंच, तर आगरी लग्नातल्या धवलारिणी दाखवा. धवले गाणाऱ्या त्या बायका माईक, लाईट आणि मॅनेजर यांच्याशिवाय अख्खं लग्न लावून देतात. रॉयल्टीचा विषयही काढत नाहीत, एवढंच त्यांचं चुकतं.

जागा आणि भांडवल. इथे युरिदमिक्सची कथा वहीत उतरवून घ्या. त्यांचा पहिला अल्बम १९८१चा, जर्मनीतल्या नावाजलेल्या स्टुडिओत केलेला. पडला. दुसऱ्यासाठी त्यांनी बँकेचं कर्ज काढलं, लंडनमध्ये तसबिरींच्या चौकटी बनवणाऱ्या कारखान्याच्या वरचा माळा घेतला आणि आठ ट्रॅकचं एक यंत्र मांडलं. ‘स्वीट ड्रीम्स’ या गाण्यात मध्येच जो किणकिणाट ऐकू येतो तो दुधाच्या बाटल्यांचा. त्यांत कमी-जास्त पाणी भरून सूर लावले होते. आपल्याकडे याला जलतरंग म्हणतात आणि ते वाजवणाऱ्याला सत्काराच्या वेळी शाल देतात. १९८३च्या सप्टेंबरात ते गाणं अमेरिकेत पहिलं आलं.

हे रोह्यात कसं करायचं? दूध पिशवीत येतं, बाटल्यांचा प्रश्न तिथेच मिटला. सोलकढीचे पेले घ्यावेत, पण भरलेले घेऊ नयेत, तालमीत सोलकढी उतरत जाते आणि सूर चढत जातो. माळ्यासाठी पेणला जावं. गणपतीच्या कारखान्याचा माळा मिळाला तर सोडू नये. अर्धवट रंगवलेल्या दोनशे मूर्ती समोर बसल्या की श्रोत्यांची सवय होते, आणि इतके मोठे कान पुढे कुठल्याही सभागृहात भेटणार नाहीत. फक्त ज्येष्ठ ते भाद्रपद तिकडे फिरकू नका, आखणी करणारा माणूस डोळे रेखत असताना मागे ड्रम वाजला तर तो ब्रश टाकून तुमच्यामागे धावेल, आणि बरोबरच करेल. पापडाच्या घरगुती कारखान्याच्या वरही चालेल. तिथल्या बायका गाणं बेसूर झालं की लाटणं थांबवतात, याहून चांगला ध्वनिमुद्रक शोधून सापडायचा नाही.

कर्जाचं मात्र कठीण आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. या घराण्याचं रोह्याशी जुनं नातं. पण तेवढ्यावर पॉप अल्बमसाठी कर्ज मिळत नाही. मी एका बँकेत विचारून आलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तारण काय?” मी म्हणालो, पहिल्या अल्बमच्या शिल्लक कॅसेटी. त्यांनी शिपायाकडे बघितलं.

यापुढचा भाग सिंगल्सचा. इथेच नवशिके चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

सिंगल म्हणजे अल्बममधलं एक गाणं सुटं करून आधी बाजारात सोडायचं. शितावरून भाताची परीक्षा व्हावी म्हणून हातावर दिलेलं शीत. प्रश्न असा की शीत कोणतं काढायचं? उत्तर: तुम्हाला आवडतं ते पहिलं, पण चालणारं ते नसेल अशी खात्री ठेवून. युरिदमिक्सच्या त्या दुसऱ्या अल्बममधली पहिली दोन सिंगल्स कोणाला आठवत नाहीत. तिसरं ‘लव्ह इज अ स्ट्रेंजर’ जेमतेम चाललं. चौथं ‘स्वीट ड्रीम्स’ फुटलं, आणि त्याच्या धक्क्याने तिसरं पुन्हा काढलं तर तेही इंग्लंडात पहिल्या दहात जाऊन बसलं. गाणं तेच, फीत तीच. कान बदलले.

याहून बोलकी गोष्ट रॉक्सेटची, आणि ती आपल्या जवळची. मारी फ्रेड्रिक्सन आणि पेर गेस्ले ही जोडी स्वीडनमधल्या हाल्मस्टाडच्या बँडांतून वर आली. नकाशा पाहा: राजधानीपासून दूर, नदीकाठचं गाव, नदी थोड्याच अंतरावर समुद्राला मिळते. कुंडलिकेला पुढे रेवदंड्याशी खाडी भेटते तसंच. पहिला अल्बम १९८६चा, स्वीडनमध्ये बरा चालला, वेशीबाहेर कोणी ओळखेना. दुसरा ‘लुक शार्प!’ १९८८चा. त्यातून आधी ‘ड्रेस्ड फॉर सक्सेस’ सोडलं, मग ‘लिसन टू युअर हार्ट’, आणि तिसऱ्या नंबरावर ‘द लुक’. स्वीडनला शिकायला आलेला एक अमेरिकन विद्यार्थी हा अल्बम बॅगेत घालून मिनियापोलिसला गेला आणि तिथल्या रेडिओ केंद्रावर देऊन आला. ‘द लुक’ वाजलं, लोकांचे फोन सुरू झाले, टेप एका केंद्रातून दुसऱ्यात गेली. रेकॉर्ड कंपनीने अमेरिकेत अल्बम काढायच्या आधी गाणं तिकडे पोचलं होतं. १९८९च्या एप्रिलमध्ये ते तिथे पहिलं, आणि त्याच वर्षी ‘लिसन टू युअर हार्ट’ही पहिलं.

यावरून रोहेकरांनी काय करावं? परदेशी विद्यार्थी आपल्याकडे येतात ते कोलाडला तराफ्यात बसायला. ते भिजलेले असतात, त्यांच्या बॅगेत काही टाकू नका. आपला विद्यार्थी म्हणजे दिवा-रोहा गाडीचा पासधारक. सकाळी जाताना त्याच्या मोबाईलमध्ये एक गाणं घालून द्यावं. नागोठणे, पेण, आपटा, पनवेल करत ते दिव्याला पोचतं, आणि दिव्याला एकदा गर्दीत सुटलेली गोष्ट परत सापडत नाही, म्हणजेच पसरते. दक्षिणेकडची सोय त्याहून मोठी: कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर रोह्यात आहे. इथून निघालेलं गाणं मनात आणलं तर थेट कर्नाटकात ठोकुरला उतरेल. वाटेत सिग्नलला थांबेल, ते धरून चाला.

सिंगलसाठी जाहिरातही तुच्छ मानू नका. कार्पेंटर भावंडांचं ‘वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन’ हे मुळात कॅलिफोर्नियातल्या एका बँकेच्या जाहिरातीतलं गाणं. नवं लग्न झालेलं जोडपं, बँकेचं खातं, मागे सूर. रिचर्डने ते टीव्हीवर पाहिलं, उचललं, आणि ते अमेरिकेत दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. तेव्हा बाजारपेठेतल्या साडीवाल्याने रिक्षावर लावायला जिंगल मागितली तर नाकं मुरडू नका. आम्ही मुरडली होती. ती जिंगल दुसऱ्याने केली आणि अजून वाजते.

एक इशारा. पहिला अल्बम चुकून गाजलाच तर ही मार्गदर्शिका बंद करून ठेवा, यात तुमच्यासाठी उपाय नाही. मुंबईच्या कलोनियल कझिन्सचं उदाहरण घ्या. हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचा १९९६चा पहिला अल्बम असा गाजला की ‘कृष्णा’ ऐकल्यावर गझलवाले आणि गिटारवाले दोघेही एकाच चहाच्या टपरीवर गप्प झाले. दुसरा ‘द वे वी डू इट’ १९९८ला आला. माझ्याकडे तो आहे, मला आवडतो. तरीही आजही कुठे त्यांचा विषय निघाला की लोक पहिल्यातलंच गुणगुणतात. पहिल्याच घासाला जीभ तृप्त झाली की पुढचं पान चांगलं असूनही बोटं रेंगाळतात.

राहिलेल्या सूचना थोडक्यात. अल्बमचं नाव आईला उच्चारता यावं. मुखपृष्ठावर दोघांनी दोन दिशांना बघू नये, लोकांना वाटतं एस.टी.ची वाट बघतायत. प्रकाशनासाठी दसरा धरू नका. धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सलामी असते, त्या गर्दीत तुमच्याकडे कोण बघणार? मेअखेरही नको, पाऊस सुरू झाला की लाईट जाते, आणि लाईट गेली की पॉप संगीत हे निव्वळ दोन माणसांचं ओरडणं उरतं. ते ऐकवत असेल तर मात्र अल्बम तयार आहे असं समजा. मडक्यावर पाणी शिंपडायची आमची खूण हीच.

माझा स्वतःचा दुसरा अल्बम अजून निघालेला नाही. जोडीदार आता धाटावच्या एमआयडीसीत पाळीवर असतो, पण आठ गाणी झाली आहेत आणि या वेळी दोघांचे आवाज दोन्ही कानांत आहेत. येत्या पौषात अष्टमीच्या बाजूला शेतावर पोपटी लावून तिथेच पहिलं सिंगल ऐकवायचं ठरलंय. की-बोर्ड आमचा. येणार असाल तर शेंगा घेऊन या, मडकं थोडं मोठंच आणलंय.