नॉर्वेच्या हिवाळी जेवणाची पूर्वतयारी: मार्गे शिरूर-दौंड

हल्ली डिसेंबर लागला की ओळखीतले कोणी ना कोणी ‘नॉर्दर्न लाइट्स’ बघायला नॉर्वेला निघते. व्हिसा होतो, थर्मल होतात, बर्फातले बूटही मिळतात. पोटाची तयारी मात्र कोणी करत नाही. मग ट्रॉम्सोच्या हॉटेलात शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी फुटते आणि परत आल्यावर ‘तिकडचं खाणं काही खास नाही हो’ असा निकाल लागतो. अशा प्रवाशांनी आधी शिरूर आणि दौंड या तालुक्यांत सराव करावा. त्याला व्हिसा लागत नाही, एसटी पुरते.

पहिला धडा थंडीचा. पहाटे दौंड जंक्शनच्या फलाटावर उभे राहावे. पुण्याकडून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन इथे काढून उलट्या टोकाला जोडायचे आणि तोवर पिढ्यान् पिढ्या प्रवाशांनी चहावर चहा रिचवला. आकाशातल्या हिरव्या उजेडाचीही वाट अशीच बघायची असते. फक्त तिथे ‘चाय गरम’ म्हणणारा कोणी नसतो.

आता मुख्य विषय, मुंडी. पश्चिम नॉर्वेतल्या व्हॉस भागात नाताळाच्या आधी ‘स्मालाहोवे’ खातात. मेंढीच्या मुंडक्यावरची लोकर जाळायची, मीठ लावून ते वाळवायचे, वाटल्यास धुरी द्यायची, मग तासन् तास शिजवून अर्धे अर्धे ताटात ठेवायचे. कान आणि डोळा आधी संपवायचा, कारण ते गरम असतानाच बरे लागतात. हे वाचून ज्यांचे तोंड वाकडे झाले, त्यांनी रविवारी सकाळी शिरूरला, म्हणजे घोडनदीला, मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहावे. मुंडी-पाय भाजायला घेतले की केस जळल्याचा वास रस्ताभर पसरतो. भाजणारा सुरीच्या पाठीने काळा थर खरवडतो आणि मान वर न करता विचारतो, “भेजा वेगळा बांधू का?” पुढे कांदा-खोबऱ्याचे वाटण, काळा मसाला आणि कुस्करलेली बाजरीची भाकरी. फरक एवढाच, की व्हॉसकर मुंडक्याला ताटात समोर बसवतात आणि आपण त्याला रश्श्यात बुडवून त्याची ओळख लपवतो. म्हणून पहिल्या रविवारी नुसता रस्सा प्यावा. नजरेला नजर देण्याचे धाडस पुढच्या रविवारी.

गोडाचा सराव दौंड तालुक्यात. नॉर्वेत ‘ब्रुनोस्ट’ नावाचे तपकिरी चीज असते. चीज करून उरलेले पाणी आटवत, आटवत त्यातली साखर तांबूस होईपर्यंत नेतात. १८६३ च्या सुमारास गुडब्रान्सडाल खोऱ्यातल्या आन्ने होव्ह या बाईने त्यात साय घातली आणि खोऱ्याचे नशीब पालटले. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा केडगाव-यवतच्या बाजूला एखाद्या गुऱ्हाळावर जावे. काहिलीत रस उसळत असतो, वर आलेली मळी झाऱ्याने काढली जात असते. गुळव्या चमचाभर पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांत फिरवतो. गोळी जमली की काहील उतरली. तापमापक वगैरे काही नाही. (चुलवणात चिपाडच जळते आहे ना, हे मात्र नाकाने तपासावे.) ब्रुनोस्टचे पातळ काप काढायला नॉर्वेत खास किसणी असते, तिचे पेटंट १९२५ चे. ढेपेवर ती चालवून पाहू नये, किसणी वाकेल. आणि २०१३ च्या जानेवारीत उत्तर नॉर्वेतल्या एका बोगद्यात सुमारे २७ टन ब्रुनोस्ट नेणारा ट्रक पेटला, ती आग कित्येक दिवस विझली नाही, हे गुळव्याला जरूर सांगावे. तो म्हणेल, “गोडाची आग अशीच असती.”

मासे थोडक्यात. ‘लुटेफिस्क’ म्हणजे वाळवलेला कॉड क्षाराच्या पाण्यात भिजवून थुलथुलीत केलेला. पापडखार वापरणाऱ्या आज्जीला कृती लगेच कळते, पण ती माशावर का करायची, हे कळत नाही. दौंडच्या पुढे भिगवणला उजनीच्या पाण्यातले मासे मिळतात. पण ते चवदार असल्यामुळे सरावाला निरुपयोगी.

नॉर्वेचे आधुनिक खाणेही माहीत असलेले बरे. व्हायकिंगांचे वंशज शुक्रवारी घरोघरी टाको खातात आणि १९८० पासून ‘ग्रँडिओसा’ नावाचा गोठवलेला पिझ्झा फ्रीझरमधून काढतात. तिकडे परंपरा शोधायला गेलेला पाहुणा गोंधळतो. त्याची पूर्वतयारी म्हणून हायवेलगतच्या एखाद्या तिकिटाच्या हुरडा पार्टीला जावे. तिथे रेन डान्स असतो, डीजे असतो, पनीर मंचुरियन असते. हुरडा द्रोणात येतो आणि दोन घासांत संपतो.

खऱ्या हुरड्यासाठी शेतात ज्वारी असलेला नातेवाईक हुडकावा. फोनवर ‘येऊ का?’ असे विचारू नये. ‘मामींचा गुडघा कसा आहे?’ असे विचारावे, आमंत्रण आपोआप येते. आगटीत गोवऱ्यांचे निखारे पडले की कणसे आत जातात. ती हातावर चोळणारा माणूस पोळत असतो आणि आपल्याला “घ्या की पाव्हणं” म्हणत असतो. सोबत लसणाची चटणी, गूळ, गोडी शेव. अंधार पडायच्या आत मात्र उसाच्या कडेवरून उठावे. शिरूर भागात बिबट्याचा वावर खरा आहे, ही सूचना विनोदात धरू नये.

निघताना गाडीच्या डिकीत वांगी, हरभऱ्याचे डहाळे आणि पायलीभर ज्वारी भरली जाईल. विमानाच्या सामानाचे किलो मोजून ‘बस, बस’ म्हणण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. डिकी लावली, तर मागच्या सीटवर ठेवतात.