घनतावादी गृहस्थ

शहरी सोसायट्यांमधील निवृत्त गृहस्थवर्गात ‘घनतावादी’ हा एक स्वतंत्र उपप्रकार मानावा लागतो; कारण सर्वसाधारण काटकसरी गृहस्थ भाव विचारून थांबतो, तर घनतावादी भाव ऐकून घेतल्यावर ‘किलोचा की लिटरचा?’ असा प्रतिप्रश्न करतो आणि तेथून पुढे वाण्याकडची रांग हलत नाही. घनता म्हणजे ठरावीक आकारमानात मावणारे वस्तुमान. पाण्याच्या बाबतीत लिटर आणि किलो जवळपास एकच असल्यामुळे उर्वरित समाज यच्चयावत द्रवांना पाणी समजून चालतो, ही त्याची मूळ व्यथा होय.

खाद्यतेल हे त्याचे प्रमुख अभ्यासक्षेत्र. लिटरभर तेल सुमारे ९१० ग्रॅमच भरते, हे तो दुकानदाराला दर महिन्याला नव्याने सांगतो आणि दुकानदारही दर महिन्याला ते प्रथमच ऐकल्यासारखा चेहरा करतो. दिवाळीच्या तोंडावर पंधरा किलोचा आणि पंधरा लिटरचा असे दोन डबे शेजारी मांडलेले दिसले, की दुसऱ्यात सुमारे १३५० ग्रॅम तेल कमी आहे, हे तो न विचारता जाहीर करतो. त्याचे गणित सहसा बरोबर असते, ही बाब येथे नोंदवली पाहिजे. समाजाचा राग नेमका तिच्यावरच असतो. तेल तापले की प्रसरण पावते, म्हणजे तेवढेच वजन अधिक जागा व्यापते. त्यामुळे पिशवीवर ६० अंश सेल्सिअस असे तापमान छापले, तर कमी तेलातही कागदोपत्री लिटर पुरा होतो, ही मेख त्याने फार पूर्वी हेरली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख गाळून आकारमानाबरोबर वजनही छापण्यास उत्पादकांना सांगितले, तेव्हा या वर्गातील अनेकांनी ते स्वतःच्या पत्रव्यवहाराचे फळ मानले, मग पत्र धाडलेले असो वा नसो.

दुधापाशी मात्र हा बाणा नरमतो. दुधाची घनता पाण्याहून किंचित जास्त, म्हणजे लिटरला साधारण १०३० ग्रॅम असल्याने तेथे तीसेक ग्रॅम त्याच्याच पदरात पडतात, आणि त्याविषयी तो कोठेही वाच्यता करत नाही.

उतारवयात त्याची दृष्टी घनतेवरून संहतीकडे, म्हणजे द्रावणात विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणाकडे वळते. ‘टक्के’ या शब्दाने वजनात वजन, आकारमानात वजन की आकारमानात आकारमान, यांपैकी काय अभिप्रेत आहे, हे स्पष्ट झाल्याखेरीज तो फिनेलची बाटलीसुद्धा उघडू देत नाही. मद्याच्या बाटलीवरील ४२.८ टक्के हे आकारमानाचे असतात, तर सलाईनचे ०.९ टक्के म्हणजे दर १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ. पहिली माहिती तो केवळ वाचनातून मिळाल्याचे आवर्जून सांगतो. दुसरी त्याला रुग्णालयात खाटेवर पडल्यापडल्या उपयोगी पडते. रक्तदाबामुळे दिवसाला पाच ग्रॅम मिठाची मर्यादा घालून दिलेली असताना अर्ध्या लिटरच्या बाटलीतून साडेचार ग्रॅम आधीच शरीरात गेले, असा हिशेब मांडून उरलेल्या अर्ध्या ग्रॅमात रात्रीची आमटी बसवता येईल का, असे तो परिचारिकेस अत्यंत गांभीर्याने विचारतो. ती तोवर दुसरी बाटली लावून मोकळी झालेली असते.