बेळ्ळंदूर तलावाचे चित्र कसे काढावे

प्रथम साहित्य. आयटीतल्या पगारदार माणसाने चित्रकलेचा श्रीगणेशा खरेदीनेच करावा. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला कॅम्लिनच्या रंगपेटीवर भागले, कारण इलाज नव्हता. आता आयपॅड, त्याची पेन्सिल आणि करंगळीला अडकवायचा अर्धा हातमोजा आल्याखेरीज रेघ ओढू नये. चित्रे काढायचे 'प्रोक्रिएट' अॅप आयपॅडवरच चालते, त्यामुळे घरी कारण सांगायला सोपे जाते. 'क्रिता' फुकट मिळते आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते, ही गोष्ट घरात बोलू नये.

मग ब्रश. क्रितात शंभराहून अधिक ब्रश आयते असतात. प्रत्येक ब्रशने एकेक वेटोळे काढून पाहावे, 'छान आहे' म्हणावे आणि नेटवरून आणखी उतरवून घ्यावेत. चित्र शेवटी साध्या गोल ब्रशनेच होते, पण हे इतक्या लवकर कळले तर शनिवार-रविवार काय करायचे?

रेघ थरथरेल. त्यावर स्टॅबिलायझर नावाचा उतारा आहे. तो वाढवला की हात पुढे जातो आणि रेघ मागून सावकाश, सरळ होत येते. बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर रोज इब्लूर जंक्शन ओलांडणाऱ्याला या विलंबाचे काही वाटणार नाही. (बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे व्यंगचित्रकार शि. द. फडणीस, जन्म १९२५, यांची नितळ रेघ पाहून 'त्यांनी स्टॅबिलायझर किती ठेवला असेल?' असे विचारू नये.) वळणांसाठी बेझिए टूल आहे. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात ही वळणे मोटारींच्या आकारासाठी वापरात आणली. बिंदू ठेवून ओढले की त्याला दोन मिशा फुटतात. डावी ओढली की उजवीही हलते. मिशांशी झटापट करून तलावाचा काठ पुरा करावा.

आता सर्वांत महत्त्वाचे बटण: ई. क्रितात ई दाबले की खोडरबर हातात येत नाही, हातातला ब्रशच खोडू लागतो. नवशिक्याकडून ते चुकून दाबले जाते. कोऱ्या कागदावर खोडलेले दिसत नाही, म्हणून तो आधी पेनची चार्जिंग बघतो, मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतो आणि शेवटी सुलेखनाकडे वळतो. वळण्यापूर्वी एकदा ई दाबून पाहावे.

रंग भरायला बादली. काठाच्या रेघेत केसाएवढी फट राहिली तरी हिरवा रंग सगळ्या कागदावर पसरतो. ही चूक नसून वास्तववाद आहे. शहराचे सांडपाणी आणि साबणाचा अंश पोटात घेतलेल्या या तलावाचा फेस २०१५ साली वाऱ्याने थेट रस्त्यावर येत होता. दुचाकीवाले त्यातून वाट काढत होते.

म्हणून लेयर. खाली पाणी, त्यावर जलपर्णी, मागे टेक पार्कच्या काचा. फेस स्वतंत्र लेयरवर घ्यावा, मऊ ब्रशने, अपारदर्शकता कमी करून. आगीला आणखी एक, 'स्क्रीन' मोडमध्ये. नारिंगी रंग त्यात उजळतो. प्रत्येक लेयरला नाव द्यावे. कुणी देत नाही आणि मग अर्धा तास रंगवलेल्या इमारती जलपर्णीच्या लेयरवर निघतात.

चित्र कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावे. सांगलीहून काका विचारतील, ढग पाण्यात कसे पडले? फेस आहे, असे कळवावे. मग ते विचारतील, पाण्याला आग कशी लागेल? १९ जानेवारी २०१८ला लागली होती, विझवायला लष्कराचे सुमारे ५,००० जवान उतरले होते, हे नम्रपणे सांगावे. तरी पटले नाही तर वाद घालू नये. आगीचा लेयर वेगळा आहे. डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून तो बंद करावा आणि चित्र पुन्हा पाठवावे.