अशी पट्टी बाजारात मिळत नाही

हॅरो असो, स्लाव असो की वुल्व्हरहॅम्प्टन, चार मराठी घरं जमली की त्यांत एक पट्टीकाका निघतातच. शिक्षण व्हीजेटीआय नाहीतर पुण्याचं सीओईपी, उमेदवारी ठाण्या-चिंचवडच्या कारखान्यांत, पुढची हयात इथल्या कंपन्यांत आणि आता निवृत्ती. बाकीचे निवृत्त लोक गुलाब लावतात. पट्टीकाका पितळेच्या पट्ट्या बनवून घेतात. खिशात पेन नसेल, व्हर्नियर असतो. मंडळाच्या गणपतीत सगळे टाळ्या वाजवत असताना हे समईच्या दांड्याचा व्यास मोजून घेतात.

पट्टी म्हणजे विजेच्या डब्यात अर्थच्या किंवा न्यूट्रलच्या वायरी एकत्र आवळायची, ओळीनं भोकं आणि स्क्रू असलेली. आपल्याकडे तिला लिंक म्हणतात, इथे बार. दुकानात किरकोळ पाउंडांत तयार मिळते, आणि नेमकं तेच काकांना खुपतं. "तयार पट्टीतली भोकं त्यांच्या सोयीनं पाडलेली असतात रे, आपल्या नाही." आपली सोय म्हणजे गॅरेजमधला एक जुना लोखंडी डबा.

मग ड्रॉइंग निघतं. दीडशे मिलिमीटर लांब, बारा रुंद, दहा जाड. तिन्ही बाजूंचे देखावे, कोपऱ्यात फर्स्ट अँगलची खूण, खाली धातूचा ग्रेड: सीडब्ल्यू 614 एन. "अठ्ठावन्न टक्के तांबं, एकोणचाळीस जस्त, तीन शिसं. शिसं का, सांग?" सांगायची गरज नसते, तेच सांगतात. ड्रिल मारताना बुरा बारीक तुटून पडावा म्हणून. तोवर आपली भजी गार.

पहिला फोन बर्मिंगहॅमला. हे शहर एके काळी पितळेची राजधानी. ब्रॉड स्ट्रीटवरचं 1781 सालचं ब्रास हाउस काका पाहुण्यांना शेक्सपिअरच्या घराआधी दाखवतात. पलीकडचा गृहस्थ आदबीनं विचारतो, किती हव्यात? "दोन." मशीन लावायचा खर्च ऐकून काकू आतून ओरडतात, "अहो, एवढ्यात माझ्या पाटल्या होतील!"

दुसरा फोन जामनगरला. तिथे सगळं गाव पितळेचे पार्ट कातत असतं आणि हिशोब वजनावर. "साहेब, किती किलो?" काका कॅल्क्युलेटर काढतात: दोन पट्ट्यांचे तीनशे ग्रॅम. "साहेब, तेवढं तर आमच्याकडे संध्याकाळी झाडून निघतं."

खरी लढाई आट्यांवर. जुन्या डब्यातले स्क्रू टू बीएचे. जामनगरचा पोरगा म्हणतो, एम फाइव्ह करून देतो, कुणाला कळणार? काकांची झोप उडते. एम फाइव्हचा व्यास पाच मिलिमीटर, पिच 0.8, टू बीएचा व्यास 4.7, पिच 0.81. दिसायला जुळे भाऊ, पण एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात खुळखुळतो. आणि ढिला स्क्रू म्हणजे तापणारी वायर, इथे मात्र काका शंभर टक्के बरोबर असतात. बीए म्हणजे ब्रिटिश असोसिएशन, 1884 सालचे आटे, पण मूळ कल्पना स्विस, म्हणून इंचांच्या देशात मिलिमीटरमध्ये जन्मलेले. हे मी प्रसादाच्या रांगेत ऐकलंय, हातात केळं धरून.

मला विचाराल तर काकांना पट्टी नकोच असते. 'साहेब, कशी हवी?' असं कुणीतरी विचारायला हवं असतं. नोकरीत रोज विचारायचे, आता फक्त चहाबद्दल विचारतात.

शेवटी पट्ट्या येतात. कुणाचा तरी भाचा बॅगेत घालून आणतो. मोजून होतात, बरोबर निघतात, काका जरा हिरमुसतात. मग इलेक्ट्रिशियन येतो, कारण असली कामं इथे हवी तशी उरकता येत नाहीत. वायरिंगचे नियम, म्हणजे बीएस 7671, सांगतात की डब्यात बोट जाऊन चालू भागाला लागता कामा नये. पितळ उघडं पडू नये, ही इंग्रजांची जुनी काळजी. तो पट्टी हातात घेऊन मनापासून वाखाणतो. मग जुन्या डब्याकडे बघतो. हा डबा आता नियमात बसत नाही, बदलायचा. आणि नवीन डब्यात त्याच कंपनीची पट्टी लागणार, बाहेरची चालायची नाही.

काकू कपाळाला हात लावतात. काकांचा चेहरा मात्र उजळतो. रात्री साडेदहाला मला फोन.

"काय रे, जागा आहेस ना? डबाच बनवून घेतो. पत्रा 1.2 घेऊ की 1.6?"