गोड खाऊन कडू बोलणारे

संक्रांतीला तिळगूळ वाटताना आपण एक सिद्धान्त बिनविरोध मान्य करून टाकतो: गोड खाल्लं की तोंडातून गोड निघतं. ज्याला हा सिद्धान्त तपासून बघायचा असेल, त्याने सिडनीच्या उत्तर भागातल्या लेन कोव्ह नदीच्या काठाने बुशवॉक करावा. माहितीपत्रकं अशा वाटांना शांत आणि निवांत म्हणतात. नदीपुरतं ते खरं आहे. ती बिचारी एक शब्द बोलत नाही. बोलतात ते वरचे. रेनबो लोरिकीट हा निळ्या डोक्याचा, नारिंगी छातीचा पोपट. त्याच्या जिभेच्या टोकाला बारीक कुंचला असतो, आणि तो फुलात बुडवून मध चाटणं हा त्याचा उद्योग. इतक्या नाजूक कामाला नेमलेल्या प्राण्याने मधल्या वेळेत एवढं किंचाळावं, याला काही प्रमाण? वॉटलबर्ड नावाचा पक्षीही मधावरच जगतो. त्याचं गाणं म्हणजे तपकीर ओढणाऱ्या आजोबांचं सकाळचं खाकरणं. आणि राखाडी रंगाचे, पिवळ्या चोचीचे नॉइझी मायनर तर टोळी करूनच राहतात. आपल्या इलाख्यात दुसरा पक्षी दिसला, की सगळे मिळून त्याला पिटाळतात; तो मध खाणारा आहे की किडे खाणारा, याची चौकशी नंतर.

या बेशिस्तीचा दोष पक्ष्यांच्या संस्कारांकडे नसून मातीकडे जातो, असं माझं म्हणणं आहे. मूळ विचार माझा नाही. टिम लो या ऑस्ट्रेलियन जीवशास्त्रज्ञाने २०१४ सालच्या आपल्या पुस्तकात तो विस्ताराने मांडला आहे. लेन कोव्हच्या वाटेवर मात्र तो पायाखालीच सापडतो. इथला कातळ हॉक्सबरी वालुकाश्माचा. त्याची माती रेताड आणि फॉस्फरसच्या बाबतीत अगदी कफल्लक. ऊन मात्र भरपूर. म्हणजे झाडांना साखर हवी तेवढी करता येते, पण तिच्या जोरावर वाढायचं म्हटलं तर बाकीचा माल नाही. पान ही इथे महागडी वस्तू, म्हणून ते टिकाऊ केलेलं. बँक्सिया या झाडाचं खाली पडलेलं पान उचलून पाहावं: कडेला दाते, वर चामड्याचा चिवटपणा, चुरगाळायला गेलं तर पान शाबूत आणि बोट दुखावलेलं. उरलेली साखर झाड फुलांत ओततं. बँक्सियाच्या एकेका कणसात शेकडो बारीक फुलं दाटीने बसलेली असतात आणि ती मधाने ओथंबतात. किडे रानभर विखुरलेले, त्यांच्यावर पहारा ठेवून काय मिळणार? मध ठरलेल्या जागी, रोज नव्याने भरणारा. पावसावरून कुणी भांडत नाही, चाळीतल्या नळावरून भांडतात.

यावर पहिला आक्षेप कुकाबरा घेईल, आणि तोही हसत. हा खंड्याच्या कुळातला. नदीकाठी राहूनही त्याचा भर माशांपेक्षा सरडे, किडे आणि प्रसंगी सापांवर. मधाशी त्याचा संबंध नाही, तरी पहाटे अख्खं कुटुंब मिळून खदाखदा हसतं. मॅगपाय हा पक्षी तर वसंताच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात, घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर सूर मारतो. सायकलवाले हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे काटे उभारून फिरतात. मान्य. पण ते हसणं सातबारा वाचून दाखवणं आहे आणि तो सूर पिल्लांसाठी आहे. मॅगपायमधलेही थोडेच नर असं करतात, आणि तेही काही आठवडे. नॉइझी मायनरला मात्र बारा महिने कारण पुरतं.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे. आपली साळुंकी १८६२ साली किडे खाण्यासाठी मेलबर्नला नेली, ती आता तिथे उपद्रवी परकी म्हणून बदनाम आहे. मधाच्या बाजारात न उतरता ती भांडखोर कशी? तर गाणाऱ्या पक्ष्यांचं सगळं कुळच मुळात ऑस्ट्रेलियाकडचं, असं जनुकीय अभ्यास सांगतात. साळुंकी, कावळा, बुलबुल या साऱ्यांचं आजोळ ते. पुरावा म्हणून हे लंगडं आहे, हे मी कबूल करतो. पण आजोळचं वळण आपण माणसांच्या बाबतीत याहून कमी पुराव्यावर मान्य करतो.

खरी साक्ष खाली, नदीवरच्या बंधाऱ्याच्या पलीकडे मिळते. तिथे भरतीचं पाणी शिरतं आणि कोकणच्या खाडीत उभी असते तीच तिवर चिखलातून श्वासमुळं वर काढून उभी असते. हा चिखल कसदार. त्यात पांढऱ्या तोंडाचा राखाडी बगळा एका पायापुढे दुसरा पाय टाकत, तोंडातून अक्षर न काढता खेकडे शोधतो. पन्नास पावलं वर, रेताड उतारावर, मधासाठी दंगल चालू. मग गरिबी हटवली तर भांडणं मिटतील का? ती सोय नकळत होऊन बसली आहे. वरच्या वस्त्यांतल्या बागांचं खत पावसाच्या पाण्याबरोबर रानात उतरतं, आणि जिथे ते मुरतं तिथे बँक्सिया मागे हटते आणि घाणेरी माजते. होय, आपलीच ती पावसाळ्यात डोंगर व्यापणारी घाणेरी, जी तिकडेही परदेशीच.

तेव्हा सिडनीत लेकीकडे किंवा मुलाकडे मुक्कामाला निघालेल्या आई-वडिलांना एवढंच सांगणं: लेन कोव्हला सकाळी जा, वसंत असेल तर टोपी घाला, आणि पाखरांना डब्यातलं काही देऊ नका. घरामागे मुलाने बँक्सिया लावली असेल, तर तिला प्रेमाने फॉस्फेटचं खत घालू नका. ती मरते.