चोवीस सेकंदांचा धंदा : एक लघुप्रबंध

1. समस्येचा उगम

प्रस्तुत प्रबंधाचा विषय कोणत्याही विद्यापीठाने मंजूर केलेला नाही. तो गोंदिया तालुक्यातल्या कामठा गावी, लेखकाच्या मामाजींच्या ओसरीवर, बाजेवर बसल्या बसल्या मंजूर झाला. लेखक पंधरा वर्षांपासून मुंबईत फ्रीलान्स फोटोग्राफर आहे. (लेखक म्हणजे मीच. पण प्रबंधात ‘मी’ लिहिलं की मानधन कमी होतं, असा अनुभव आहे.)

‘फ्रीलान्स’ हा शब्द कामठ्यात उच्चारला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “म्हंजे कोन्या कंपनीत?” कोणत्याच नाही, असं सांगितल्यावर ओसरीवर जी शांतता पसरते ती मोडण्याची ताकद एकाच गोष्टीत आहे. शेजारच्या बिरसी विमानतळावरून एखादा शिकाऊ वैमानिक त्याच वेळी गावावरून घिरटी घालायला निघाला, तर सगळे वर पाहतात आणि विषय सुटतो. त्या दिवशी विमान आलं नाही. मामाजींनी पन्नीतला खर्रा घोटता घोटता सिद्धान्त मांडला :

“बटनच त दाबतेस ना रे, दुसरं का करतेस?”

शास्त्रचर्चेत अशा विधानाला पूर्वपक्ष म्हणतात. तो खोडण्याआधी प्रामाणिकपणे मांडावा लागतो. मांडायला बसल्यावर असं आढळलं, की मामाजींचं बरोबर आहे.

2. गणित

एका लग्नात लेखक सुमारे 3,000 फोटो काढतो. हॉलमध्ये फ्लॅश लावून काम करताना शटर साधारण 1/125 सेकंद उघडं राहतं. 3,000 ला 125 ने भागलं की उत्तर येतं 24. म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत कॅमेऱ्यात प्रत्यक्ष उजेड शिरतो तो फक्त 24 सेकंद. वर्षाला 40 लग्नं धरली, तर 960 सेकंद म्हणजे 16 मिनिटं. पंधरा वर्षांची एकूण कारकीर्द : चार तास.

या निष्कर्षाने लेखक काही काळ खचला. चार तासांच्या कामावर त्याने मीरा रोडला वन रूम किचन भाड्याने घेतलं, दोनदा कॅमेरा बदलला आणि कंबरेचा पट्टा कायमचा धारण केला. परंतु संशोधकाने खचायचं नसतं, उलट भागाकार करायचा असतो. लग्नघरी लेखक 14 तास उभा असतो, म्हणजे 50,400 सेकंद. त्यांना 24 ने भागलं की 2,100. तेव्हा बटणाच्या प्रत्येक सेकंदामागे पस्तीस मिनिटांची हजेरी आहे. मामाजींनी एक सेकंद पाहिला. उरलेली पस्तीस मिनिटं गेली कुठे, हाच या प्रबंधाचा खरा विषय.

जाता जाता यंत्राबद्दल एक नोंद. काही कॅमेऱ्यांच्या शटरची चाचणी 2 लाख क्लिकपर्यंत झालेली असते. वरच्या हिशेबाने लेखक वर्षाला 1,20,000 क्लिक करतो, म्हणजे वीस महिन्यांत शटर निवृत्तीच्या वयाला पोचतं. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात ते बदलून मिळतं. कंबर मिळत नाही, लेखकाने विचारून पाहिलं.

3. थांबण्याची मीमांसा

1838 साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी आपल्या खिडकीतून एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला. प्लेटवर चित्र उमटायला तेव्हा काही मिनिटं लागत. तेवढ्यात घोडागाड्या गेल्या, माणसं गेली, आणि हलणारं काहीच उमटलं नाही. ठळक उमटला तो कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ, कारण तो थांबला होता. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतात, आणि नेमकं त्याचं नावच कोणाला माहीत नाही.

यातून छायाचित्रणाचा मूलभूत नियम निघतो : कोणीतरी थांबल्याशिवाय फोटो निघत नाही. दागेर यांच्या काळी गिऱ्हाईक थांबे. विज्ञानाची प्रगती झाली आणि थांबण्याचं काम फोटोग्राफरकडे आलं.

थांबण्याचं परिमाण ‘पाच मिनिटं’. हे परिमाण बोलणाऱ्यानुसार बदलतं. मेकअपवालीची पाच मिनिटं म्हणजे पन्नास. नवरदेवाच्या मित्रांची पाच मिनिटं बँडवाला दमेपर्यंत चालतात. “फोटोग्राफरचं जेवण पाच मिनिटांत लावतो,” असं केटरर म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘उरलं तर’ असा घ्यावा. लेखकाच्या निरीक्षणानुसार त्या वेळी गुलाबजामच्या भांड्यात फक्त पाक असतो आणि जिरा राइस मात्र पूर्ण असतो. जिरा राइस हा अविनाशी पदार्थ आहे. फक्त भटजींची पाच मिनिटं खरोखर पाच असतात, आणि नेमकी त्याच वेळी लेखकाच्या फ्लॅशचे सेल संपतात.

इथे एक ऐतिहासिक पुरावा जोडणं आवश्यक आहे. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके फोटोग्राफर होते. गोध्र्यातला स्टुडिओ प्लेगनंतर सुटला, आणि पुढे बडोद्यात धंदा मांडला तर तिथे वदंता पसरली, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो. धंदा बसला. आधुनिक वाचक या अंधश्रद्धेला हसतो. लेखक हसत नाही. शक्ती शोषली जाते, हे त्याने दर एप्रिल-मेमध्ये अनुभवलं आहे. लोकांची चूक एवढीच झाली, की कॅमेऱ्याच्या कोणत्या बाजूचा माणूस शोषला जातो, हे त्यांनी उलटं सांगितलं.

4. पायांची संख्या आणि सामाजिक दर्जा

महानगरात माणसाचा दर्जा त्याच्या पायांवरून ठरतो. मरीन ड्राइव्हवर दोन पायांवर उभं राहून फोटो काढणारा पर्यटक असतो. त्याच माणसाने ट्रायपॉड उघडला, एकूण पाच पाय झाले, की तो निर्माता होतो आणि पाचव्या पायाचा स्क्रू आवळायच्या आत शिट्टी वाजते. “परमिशन है क्या?” फोन कितीही महाग असो, चालतो. तीन पायांची किलोच्या भावाने भंगारात जाईल अशी घोडी मात्र शहराच्या सुरक्षेला धोका ठरते.

याच शहरात गेटवे ऑफ इंडियासमोर एक वेगळा पंथ आहे. गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्याच्या फोटोंचा जुडगा, खांद्याच्या पिशवीत छोटा प्रिंटर. गिऱ्हाईक ताजमहाल हॉटेलकडे पाठ करून उभं राहतं, फोटो निघतो, तिथल्या तिथे छापला जातो, पैसे तिथल्या तिथे मिळतात. लेखक अधूनमधून तिथे जाऊन नुसता हा व्यवहार पाहतो. काही लोक समुद्र पाहायला जातात, तसा.

कामठ्यात पायांचा प्रश्न नाही, पंखांचा आहे. मामेबहिणीच्या लग्नात सगळ्यांना ड्रोन हवा होता. विमानतळाशेजारी परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, हे सांगितल्यावर वरपक्षाने लेखकाकडे असं पाहिलं, की जणू धावपट्टी त्यानेच टाकली. इंग्रजांनी ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली, हा खुलासा उपयोगी पडला नाही. शेवटी लेखक दोन कॅमेऱ्यांसह पाण्याच्या टाकीवर चढला. खालून मामाजी ओरडत होते, “बटन खाली बी दाबता येते ना!”

5. ‘जरा’ या अव्ययाचा विचार

गिऱ्हाइकाच्या भाषेत सर्वांत जड शब्द ‘जरा’ हा आहे. (गोंदियाकडे ‘जरासाक’. वजन तेवढंच.) त्याचे चार प्रयोग आढळतात.

“जरा येऊन जा” म्हणजे बदलापूर. “जरा बारीक कर” म्हणजे सात किलो, आणि तेही मागच्या कमानीचा खांब वाकडा न होता. “जरा उजळ कर” या वाक्याने नवरी उजळते, शालू पांढरा पडतो आणि मग शालूचा रंग का गेला म्हणून फोन येतो. चौथा प्रयोग, “जरा ॲडजस्ट कर”, हा दराबाबत असून त्यात ‘जरा’चा अर्थ निम्मा.

छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांच्या ‘चेहरे’ या पुस्तकातल्यासारखा फोटो काढ, असंही गिऱ्हाईक सांगतं आणि ट्यूबलाइटखाली जाऊन उभं राहतं.

प्री-वेडिंग ही ‘जरा’ची पदव्युत्तर पायरी आहे. त्या जोडप्यांचं रडगाणं ऐकून, आणि लेखक गोंदियाचा म्हटल्यावर, मुंबईत कोणीतरी सुचवतं, “मग तू सारस पक्ष्यांचे फोटो का काढत नाहीस?” सूचना विचारार्ह आहे. महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. तो जोडीने राहतो, जन्मभर राहतो, धानाच्या बांधीत उभ्या उभ्या नाचतो आणि नंतर फोन करून पाय जरा बारीक करायला सांगत नाही. अडचण एवढीच, की तो ॲडव्हान्सही देत नाही.

6. मोबदला : एक अदृश्य पदार्थ

‘एक्सपोजर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. फोटोग्राफर तो सेकंदाच्या भागांत मोजतो. आयोजक तो पैशांऐवजी देतो. “तुला चांगलं एक्सपोजर मिळेल,” असं ऐकलं की लेखक मनात 1/125 म्हणतो आणि पुढे पाहतो.

दराचा इतिहास थोर आहे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांना मुंबईत सुरुवातीला ‘बॉम्बे क्रॉनिकल’कडून एका फोटोला 1 रुपया मिळे. सुरुवातीचे त्यांचे बरेच फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापले गेले. आज लेखकाचे फोटो नावाशिवायच छापले जातात, त्यामुळे पतीपत्नीत वाद होत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कोणी मोबदला देऊन सांगून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर पहिला हक्क त्या सांगणाऱ्याचा. लेखकाने यावरून असा तर्क केला, की ज्यांनी पैसे बुडवले त्यांच्या लग्नांचा मालक तोच आहे. वकील मित्र म्हणाला, कबूल केलेला मोबदलाही मोबदलाच धरतात. तेव्हा त्या अकरा लग्नांवरचा दावा तूर्त स्थगित आहे.

2006 च्या कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल फार तर 45 दिवसांत चुकतं करावं लागतं. कंपन्या हा आकडा जाणून असतात, कारण बरोबर चव्वेचाळिसाव्या दिवशी फोन येतो : “तुमचं इनव्हॉइस सापडत नाहीये, परत पाठवता का?” त्यानंतर बिल ‘प्रोसेसमध्ये’ जातं. प्रोसेस ही जागा अंधेरीत आहे की लोअर परळला, हे लेखकाला शोधता आलं नाही. एका कंपनीच्या बाबतीत तर 10 टक्के टीडीएस लेखकाच्या नावाने सरकारजमा झाल्याचं फॉर्म 26 एएसमध्ये दिसलं, पण उरलेले 90 टक्के कुठेच दिसले नाहीत. न मिळालेल्या उत्पन्नावर आधीच कर भरून बसलेला माणूस, ही अवस्था योगशास्त्रातही वरची मानावी लागेल.

7. उत्तरपक्ष

एवढी सामग्री गोळा करून भाचा पुन्हा ओसरीवर बसला. संक्रांत होऊन गेली होती. मामाजींचं खरिपाचं धान घरातून केव्हाच खरेदी केंद्रावर गेलं होतं.

“मामाजी, तुमी बी त काटाच करता,” भाचा म्हणाला. “पोतं ठेवलं, काटा हालला, झालं. दुसरं का करता?”

मामाजींचा खर्रा घोटणारा अंगठा थांबला. “आन् पऱ्हे कोन टाकते? रोवना कोन करते? पान्यासाठी रातभर बांधीवर कोन जागते, तुहा बाप?”

“तेच त म्हनतो.”

पूर्वपक्ष काही वेळ गप्प राहिला. मग त्याने भाच्याकडे पहिल्यांदाच धंदेवाईक नजरेने पाहिलं आणि विचारलं, “चुकारे झाले का तुहे?”

“नाई.”

“माह्ये बी नाई.”

शास्त्रचर्चेत याला समन्वय म्हणतात.

8. परिशिष्ट

निघायच्या दिवशी, दुपारी गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस पकडायची असताना, मामाजी म्हणाले, “माहा एक काढून ठेव. मंग लावाले कामी येते.” मग म्हणजे केव्हा, हे कोणी विचारलं नाही. मामींनी आत भांडं जोरात आपटलं.

“पाच मिनिटं थांब,” असं म्हणून ते गेले. दाढी झाली. पेटीतली धुतलेली टोपी सापडेना, ती सापडली. लग्नातला कुर्ता इस्त्रीला गेलेला, तो शेजाऱ्याकडून आला. खुर्ची उन्हात, मग सावलीत, मग कवेलूच्या कडेला, जिथे उजेड आडवा येतो. मागून वासरू काढावं लागलं. पस्तीस मिनिटं लागली, लेखकाने घड्याळ लावलं होतं. मामाजी ताठ बसले, हात गुडघ्यावर, ओठ मिटलेले, जसे आजवर भिंतीवर लागलेले सगळेच बसलेले असतात. लेखकाने बटण दाबलं.

“झालं?”

“झालं.”

“एवढ्यातच?” त्यांच्या आवाजात चक्क नाराजी होती. एवढी दाढी, एवढी टोपी, आणि एवढ्यातच! तेवढ्यात बिरसीवरून विमान उठलं, त्यांनी मान वर केली, टोपी मागे सरकली, आणि लेखकाचं बोट सवयीने पुन्हा खाली गेलं.

दोन्ही फोटो पडद्यावर पाहून ते म्हणाले, “कोनता लावाचा?”

“तुमी सांगा.”

“लावाची येळ येईन तवा मी थोडीच असन. तुमी ठरवा.” मग उठता उठता : “आन् दुसऱ्याचे पैसे नाई देत. तो मी काढाले नोता सांगतला.”

शुद्धिपत्र : दुसऱ्या प्रकरणातली एकूण कारकीर्द चार तास आणि 2/125 सेकंद अशी वाचावी. पैकी 1/125 सेकंदाचे चुकारे बाकी.