लॉकरकाकू समुद्रावर

क्रूझचे बुकिंग झाले की घरातल्या प्रत्येकाला वेगळा प्रश्न पडतो. नवऱ्याला बोट लागण्यावरच्या गोळ्यांचा, मुलाला वायफायचा, सासूबाईंना बोटीवर उपासाचे काही मिळेल की नाही याचा. लॉकरकाकूंना पडणारा प्रश्न या सगळ्यांहून जड असतो आणि त्याचे वजन तोळ्यांत सांगता येते. "अहो, ठुशी नेऊ का?" ठुशी ही नुसती सुरुवात. ठुशीखाली काहीतरी लांब हवे म्हणून मोहनमाळ निघते, गळा भरला की हात ओकेबोके दिसतात म्हणून पाटल्या आणि तोडे निघतात, आणि पैठणी नेतोच आहोत तर नथीने काय घोडे मारले आहे? लॉकरकाकू हे कुणा एका बाईचे नाव नव्हे. त्या कोथरूडला असतात, डोंबिवलीला असतात, नाशिकला गंगापूर रोडवर असतात आणि लेक न्यू जर्सीला दिली असेल तर वर्षातले काही महिने तिकडेही असतात. वय पन्नाशीच्या पुढे, हिशेब चोख, स्वभाव सावध. त्यांचे सोने एरवी बँकेच्या लॉकरमध्ये राहते आणि लग्नामुंजीलाच बाहेरची हवा खाते. अशी सावध बाई नेमकी चहूकडे पाणी असलेल्या ठिकाणी सोने न्यायला का निघते, याचे उत्तर चोरांच्या अभ्यासात सापडत नाही. काकू मोठ्याने विचारतात ते "सुरक्षित आहे का?" आणि मनात ठरवत असतात ते "बघणार कोण?" हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळेच हा विषय महिना महिना चालतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी सुरक्षिततेचे पाहू, कारण त्या आघाडीवर काकूंची तयारी दांडगी असते. प्रवासाच्या तीन आठवडे आधीच त्या बँकेत जातात. नोंदवहीत वेळ टाकून सही करायची, बँकेच्या माणसाने आपली किल्ली फिरवून बाहेर जायचे, मग स्वतःची किल्ली लावायची. लोखंडी खण ओढला की आत मलमलीच्या पिशव्या, पिशव्यांत सराफाचा गुलाबी कागद, आणि कागदावर बॉलपेनने 'तोडे, आईचे' अशी चिठ्ठी. काकू सगळे बाहेर काढतात, त्यातले दोन नग परत ठेवतात आणि आपण फार कमी घेतले या समाधानात खण लोटतात. लॉकरही काही अभेद्य नाही, हे त्यांना ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरती असते. भाडे ३,००० रुपये असेल तर ३ लाख. २०२५ मध्ये १० ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हा या ३ लाखांत आईचे तोडेसुद्धा नीट बसत नाहीत. "मग बँकेत तरी कुठे सुरक्षित आहे?" असे म्हणून काकू पिशव्या पर्समध्ये घालतात.

जहाजाचा हिशेब बघितला तर काकूंच्या या युक्तिवादाला वरवर बळच मिळते. समुद्रमार्गे प्रवासी वाहतुकीसंबंधीचा १९७४ चा अथेन्स करार अनेक देशांनी मानलेला आहे. त्याच्या पाचव्या कलमानुसार रोकड, सोने, जडजवाहीर हरवल्यास कंपनी जबाबदार नसते; जबाबदारी येते ती वस्तू सुरक्षित ठेवण्यासाठी कंपनीकडे रीतसर सोपवली असेल तरच, आणि तीही मर्यादेपर्यंत. २००२ च्या सुधारणेनंतर ही मर्यादा नाणेनिधीच्या हिशेबी एककांत ३,३७५ आहे, म्हणजे आपले चार लाखांच्या आसपास. बँक तीन लाख म्हणते, जहाज चार म्हणते; मग घोडे अडले कुठे? अडते ते दार किती वेळा उघडते यावर. लॉकर वर्षातून दोनदा उघडतो. जहाजावरचा दागिना मात्र सकाळी पोहायच्या तलावाकडे जाताना काढला जातो, दुपारी किनाऱ्यावर उतरताना काढला जातो, रात्री घातला जातो आणि झोपताना पुन्हा काढला जातो. भरपाईचा आकडा दोन्हीकडे जवळपास सारखा असला तरी काढघाल सारखी नाही, आणि धोका काढघालीतच असतो.

"म्हणजे चोर असतातच ना?" हा काकूंचा पुढचा प्रश्न. असतात, पण त्यांच्या वाटणीला फारसे काही येत नाही. अमेरिकेच्या बंदरांशी संबंध असलेल्या क्रूझ कंपन्यांना २०१० च्या कायद्याने जहाजावरचे गंभीर गुन्हे कळवावे लागतात आणि त्यांत १०,००० डॉलरवरच्या चोऱ्याही येतात. लक्षावधी प्रवाशांच्या मानाने अशा नोंदलेल्या चोऱ्यांचे आकडे लहानच असतात. केबिनचे दार कार्डाने उघडते आणि कोणते कार्ड कधी लागले याची नोंद राहते, त्यामुळे केबिन आवरणारा मुलगा हा काकूंना वाटतो तेवढा सोपा संशयित नसतो. काकूंच्या दागिन्यांना खरा धोका काकूंपासूनच असतो. कपाटात छोटी तिजोरी असते, चार आकडे दाबून बंद करायची. काकू लग्नाच्या तारखेचे आकडे ठेवतात आणि ते नवऱ्याला आठवत नाहीत, हा एक वेगळाच खटला उभा राहतो. मग कुणीतरी सांगते की आकडे विसरल्यास जहाजाचे कर्मचारी येऊन तिजोरी उघडून देतात. झाले! जी तिजोरी त्यांना उघडता येते ती कसली तिजोरी, म्हणून मोहनमाळ बाहेर येते आणि काकांच्या पायमोज्यात जाते, कुड्या औषधांच्या डबीत, तोडे रेनकोटच्या खिशात. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्या रातोरात गोळा होतात आणि थेट बंदरावर भेटतात. बॅगा गेल्यावर पाऊण तासाने काकूंना पायमोजा आठवतो. या संपूर्ण नाट्यात चोराचे पात्र एकदाही रंगमंचावर येत नाही.

बाकीची कारणे थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. गार पाण्यात बोटे बारीक होतात आणि अंगठी सैल पडते. मोत्यांना घाम, अत्तर, उन्हाचे क्रीम यांतले काहीच मानवत नाही आणि क्रूझवर तिन्ही मुबलक. मुंबई-गोवा अशी देशातल्या देशातली फेरी असेल तर ठीक, पण सिंगापूरहून क्रूझ धरायची असेल तर परतताना कस्टम आहे. "बायकांना चाळीस ग्रॅम चालतं" हे वाक्य काकूंनी कुठेतरी ऐकलेले असते. ती सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठ दिवस सात रात्रींच्या सहलीसाठी नाही. आपलेच दागिने आपणच नेले होते हे सिद्ध करायचे तर निघताना कस्टमला दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचे. हे कळल्यावर काका विमानतळावर एक तास आणखी लवकर निघायला तयार होतात, पण काकू ठुशी मागे ठेवायला तयार होत नाहीत. इथे संशय यायला हवा. सगळे पुरावे एका बाजूला असताना चोख हिशेबाची बाई हलत नसेल, तर तिचा हिशेब वेगळ्याच वहीत चालला आहे.

काकू म्हणतात, "ती लोकं कॅप्टनच्या जेवणाला मढून येतात, आपण लंकेच्या पार्वतीसारखं जायचं का?" 'ती लोकं' मढून जात होती हे खरे. टायटॅनिकवरच्या शार्लट कार्डेझा नावाच्या श्रीमंत बाईंच्या १४ ट्रंका बुडाल्या. त्यांनी १,७७,३५२ डॉलर ७५ सेंटचा दावा लावला. त्यात २०,००० डॉलरचा एक गुलाबी हिराही होता. सेंटापर्यंतचा हा हिशेब वाचला की ही बाई सातासमुद्रापारची लॉकरकाकूच, याबद्दल शंका उरत नाही. पण सगळ्यांचे मिळून सुमारे १६० लाख डॉलरचे दावे असताना कंपनीने अखेर तडजोडीत ६ लाख ६४ हजारांच्या आसपास रक्कम दिली. त्याच जहाजावरच्या मेजर प्यूकेन यांनी तीन लाख डॉलरचे रोखे केबिनमध्ये सोडले आणि निघताना खिशात तीन संत्री घातली. दोघेही वाचले, फरक इतकाच, की प्यूकेनना त्या रात्री बोटीत खायला काहीतरी होते. आणि आजच्या क्रूझवर कॅप्टनच्या जेवणाचे नियम पाहिले तर पुरुषांना पूर्ण पँट आणि कॉलरचा शर्ट, बायकांना नीटस पोशाख यापलीकडे फारशी मागणी नसते. साडी नेसली की नियम पुरा होतो. तोड्यांचा उल्लेख कोणत्याही कंपनीच्या पत्रकात नसतो.

आता खरी वही उघडू. दोन-तीन हजार प्रवाशांच्या जहाजावर कोल्हापुरी साज ओळखणारे किती? कोरियन आजीबाईंना तो छान रंगीत हार वाटेल, ऑस्ट्रेलियन जोडपे "लव्हली" म्हणून सॅलडकडे वळेल. बावीस कॅरेट आणि मुलामा यांतला फरक त्यांना हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक दाखवूनही कळणार नाही. म्हणजे प्रेक्षक म्हणून हे हजारो लोक शून्य. नुसते छान दिसणे हाच हेतू असता तर एक ग्रॅमच्या दागिन्यांनी काम भागले असते. दादरला हव्या त्या घडणीत मिळतात, पाण्यात पडले तर फार तर हळहळ वाटते. हा उपाय काकूंना सुचवून पाहावा. त्या दचकतात. "एक ग्रॅमचं घालून वन्संसमोर बसू?" आले लक्षात? त्याच टूरवर वन्सं आहेत, त्यांच्या धाकट्या जाऊबाई आहेत, आणि योगायोगाने विहीणबाईंच्या भिशीतल्या दोघी आहेत. या चौघींना भिंग लागत नाही. समोरच्या टेबलावरून त्या तोड्याचे वजन, घडणावळ आणि तो कोणत्या दिवाळीला केला हे सांगू शकतात. समुद्र, जहाज, सिंगापूर, कॅप्टन हा सगळा नेपथ्याचा भाग. खेळ आठ जणांच्या एका जेवणाच्या टेबलापुरता आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आपले स्त्रीधन आपण मिरवले तर कुणाचे काय बिघडले? काहीच नाही. दिसावे असे वाटणे हा गुन्हा नव्हे, आणि असलाच तर काकाही त्यात सामील आहेत. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स तोड्यांहून जड आहे, किंमतही तोंडात बोट घालायला लावणारी, आणि तिने ते मुख्यतः इडली-सांबाराच्या बुफेचे फोटो काढतात, तरी "नेऊ का?" हा प्रश्न त्यांना कुणी विचारायला लावत नाही. तेव्हा हौस मान्य. फक्त हौसेला सुरक्षिततेचे कपडे घालू नयेत. "घर बंद असताना दागिने घरी कसे ठेवायचे?" हे कारण त्या हौसेचेच, दागिने घरी नव्हतेच, लॉकरमध्ये होते, आणि बाहेर त्यांनीच काढले. "फोटो चांगले येतात" हेही तसेच. फोटोत वजन येत नाही, तिथे एक ग्रॅमचेही तोळाभर दिसते. मंगळसूत्राचा आक्षेप मात्र पूर्ण मान्य. ते अंगावरून उतरतच नाही, आणि त्यातच नियम दडलेला आहे: जो दागिना झोपताना, अंघोळीला किंवा किनाऱ्यावर उतरताना काढून ठेवायची वेळ येत नाही तो न्यावा, जो काढून ठेवावा लागतो त्याने बँकेतच राहावे.

हा नियम काकूंना लगेच पटतो. पटण्याची त्यांना कधीच अडचण नसते. पटले तरी त्या हलत नाहीत, कारण पलीकडच्या पक्षाला तो पटला आहे की नाही हे कळलेले नसते. आपण ठुशी ठेवून जायचे आणि वन्सं साज घालून उतरायच्या, ही शक्यता कोणत्याही विमा कंपनीने झाकलेली नाही. म्हणून तोडगा निघायचा तो तिजोरीच्या आकड्यांत नव्हे, टेलिफोनवर. बघणाऱ्यामुळे दागिने निघत असतील तर बोलणी बघणाऱ्याशीच व्हायला हवीत. निघण्याच्या आठवडाभर आधी काकूंनी सरळ फोन करावा. "वन्सं, तुम्ही काय आणताय?" पलीकडे एक क्षण शांतता पसरेल, कारण तिकडेही दोन आठवड्यांपूर्वीच लॉकर उघडून झालेला असतो. मग दोघींच्याही तोंडून एकदम सुटल्यासारखे निघेल की आपण बाई एक ग्रॅमचेच घालू, उगाच जिवाला घोर नको. दोघीही शब्दाला जागतील. फक्त तन्मणी तेवढा दोघींच्याही पर्समध्ये जाईल, कारण त्यात सोने असे कितीसे असते, आणि समोरचीने आणलाच तर आपल्याकडे असावा. तरीसुद्धा दोन घरांतून निघणारे वीसएक तोळे सोने दोन तन्मण्यांवर आले. रिझर्व्ह बँक, अथेन्सचा करार आणि कस्टम या तिघांना मिळून जे जमले नव्हते, ते नणंद-भावजयीने पाच मिनिटांत केले.